इनामगाव: घराखाली पुरलेली मुलं आणि घोट्यापासून नसलेले पाय

काळी_पांढरी (धागाकर्ता)

गेल्या रविवारी भाच्याला घेऊन येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात गेलो होतो. भाचा चौथीत, त्याला तलवारी बघायच्या होत्या. मी मात्र इनामगावच्या वस्तूंपाशी जो अडकलो तो अडकलोच. घरी येऊन आठवडाभर मिळेल ते वाचत बसलोय. इथे जाणकार मंडळी आहेत, म्हणून धागा काढतो. चुकलं तर कान धरा.

थोडक्यात पार्श्वभूमी: इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर. पुण्याहून पूर्वेला साधारण ८०-९० किमी. घोड पुढे भीमेला मिळते. नदीकाठच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असं जवळजवळ दीड दशक उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची मुख्य माणसं. लोखंड इथे अजून आलेलं नाही, तांबं थोडं आणि दगडाची पाती भरपूर, असा तो ताम्रपाषाण काळ. वस्तीचे तीन टप्पे मानतात, माळवा आणि जोर्वे या संस्कृतींच्या नावाने (पूर्व म्हणजे आधीचा, उत्तर म्हणजे नंतरचा): माळवा (इ.स.पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). सव्वाशेहून जास्त घरं उघडी झाली आणि २०० हून जास्त दफनं. त्यात बहुसंख्य लहान मुलं.

मुलांना कसं पुरलंय? जमिनीत खड्डा, त्यात राखी रंगाचे, हाताने घडवलेले दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून. आत मूल. शेजारी कधी रंगवलेला वाडगा, कधी तोटीचं भांडं. आणि हा खड्डा गावाबाहेर नाही, राहत्या घराच्या जमिनीखाली. वर चूल पेटतेय, खाली पोर.

मोठ्या माणसांना मात्र उताणं, सरळ, डोकं उत्तरेला करून. आणि पाय घोट्यापासून तोडलेले!

फक्त एक माणूस वेगळा. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा, पोट सुटलेला एक रांजण निघाला. त्यात साधारण चाळिशीचा पुरुष मांडी घातल्यासारखा बसवलेला. त्याचे पाय शाबूत! हा तिथला राजा म्हणे.

प्रश्न एकच: मोठ्यांचे पाय तोडायचे, मुलांचे नाही आणि राजाचेही नाही, हे काय गणित असावं?

भीमाकाठ

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या पंचक्रोशीतला विषय. लहानपणी नदीच्या वरच्या अंगाला ‘पांढरी’त, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, जाऊन खापरं गोळा करायचो. रंगीत खापर ज्याला जास्त सापडेल तो जिंकला.

शंकेखोर

पायाची हाडं बारीक असतात. तीन हजार वर्षांत झिजली, उंदरांनी नेली, नांगराने गेली. ‘तोडले’ असं ठामपणे कशावरून म्हणायचं?

खापरखोद्या

@शंकेखोर, प्रश्न रास्त आहे, एखाद्या सांगाड्याबाबत कोणीही हेच म्हणेल. पण सांगाडा गुडघ्यापर्यंत, नडगीपर्यंत व्यवस्थित, आणि नेमका घोट्याशी संपतो, असं पुन्हा पुन्हा दिसायला लागलं की उंदरावर ढकलता येत नाही. शिवाय हे फक्त इनामगावचं नाही. जोर्वे लोकांच्या इतर वस्त्यांवरही हाच प्रकार आहे.

मी (दुसऱ्या एका ठिकाणी, नाव नको) विद्यार्थी असताना दोन हंगाम उत्खननावर होतो. सांगाडा लागला की कुदळ-खुरपी बाजूला ठेवायची. बांबूच्या कामट्या टोकदार करून घ्यायच्या, कारण लोखंडाचा चरा हाडावर कायमचा राहतो. मग कामटी, मऊ ब्रश आणि तोंडाने फुंकर. एका पायाच्या पंजाला माझे दोन दिवस गेले होते. पंजात २६ हाडं, आणि ओल्या काळ्या मातीत ती भिजलेल्या बिस्किटासारखी होतात. त्यामुळे पंजा आहे की नाही, हे खणणाऱ्याच्या नजरेतून निसटत नाही. दोन-दोन दिवस त्याच्यापुढे पालथं पडून काढलेले असतात हो.

@काळी_पांढरी, ‘राजा’ शब्द तेवढा काढा. एका नदीकाठच्या खेड्याचा प्रमुख म्हणा फार तर. घर मोठं, शेजारी धान्याचं कोठार, आणि दफन वेगळं, या तीन गोष्टी जोडून ढवळीकरांनी तो अर्थ लावलाय. तर्क चांगला आहे, पण तर्क आहे. आणखी एक: त्या चौपायी रांजणाच्या खाली तसाच दुसरा रांजण होता आणि त्यात माणसाचा सांगाडाच नव्हता. माणूस दूर कुठे मेला, देह हाती लागला नाही, म्हणून नुसता रांजण पुरला असेल, असं मानतात. मला तर पहिल्यापेक्षा हा दुसराच जास्त छळतो.

चुलीपाशी

सगळे प्रतिसाद वाचले. मी काही अभ्यासक नाही, वय ७१, माहेर पारनेर तालुक्यातलं. पण धागा वाचून राहवेना.

तान्ह्या मुलाला आपल्यात आजही जाळत नाहीत, पुरतात. आमच्या आजीच्या काळी बाळंतपण घरीच व्हायचं, आणि वार (बाळामागून पडते ती) घरातच पुरायची. न्हाणीच्या कोपऱ्यात किंवा उंबऱ्याच्या आत खड्डा करून. बाहेर टाकायची नाही, कुत्र्या-मांजराच्या तोंडाला लागायला नको, आणि पुढचं मूल त्याच घरात यावं म्हणून. आजी म्हणायची, “घरचं घरात ऱ्हाव.” तेव्हा मला त्या दोन रांजणांत नवल वाटलं नाही. तोंडाला तोंड लावलेले दोन गोल रांजण म्हणजे पोटच की. जिथून आलं तिथे परत ठेवलं.

आणि पाय. भुताचे पाय उलटे का असतात? भुताने चालत येऊ नये ही माणसाची जुनी भीती. मोठं माणूस मेलं की त्याची भीती वाटते. पोराची कोणाला वाटते?

काळी_पांढरी

@चुलीपाशी, काकू, शेवटच्या दोन वाक्यांवर काटा आला.

एक_वाचक

+१. आणि डोकं उत्तरेला म्हणजे पाय दक्षिणेला. ‘दक्षिणेकडे पाय करून झोपू नये’ हे घरोघरी ऐकलेलं. म्हणजे ३००० वर्षं तीच परंपरा चालू आहे!

शंकेखोर

झालं, आलोच आपण इथे. :) मधल्या २७०० वर्षांत या खोऱ्यात किती लोक आले-गेले, किती वेळा गावं उठली याचा हिशोब नको का? दोन टोकं सारखी दिसली म्हणून मधे दोरी असलीच पाहिजे असं नाही. मेलेल्याला ठराविक दिशेला ठेवणं जगभर सापडतं. काकूंचं मी वेगळं धरतो, त्या परंपरा सिद्ध करत नाहीयेत, माणसाचं मन सांगतायत.

खापरखोद्या

सहमत. वारेची आणि रांजणाची तुलना अर्थ उमगायला उपयोगी, पुरावा म्हणून नाही. मात्र ‘रांजण म्हणजे गर्भ’ हे काकूंनी स्वतःच्या डोक्याने काढलं आणि अभ्यासकांनीही तेच म्हटलंय. तो चौपायी रांजणसुद्धा फुगलेल्या पोटाचाच आहे.

याच वस्तीतली दुसरी वस्तू आठवली. पूर्व जोर्वे काळातल्या एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची पेटी सापडली. आत एक बाईची मूर्ती, आणि वर दुसरी बाईची मूर्ती, तिला शिर नाही, सोबत मातीचा बैल. बैलाच्या पाठीला भोक आणि मूर्तीलाही भोक. काडी घातली की ती बैलावर बसते. भाजलेली नाही, म्हणजे कायम पुजायची नव्हती, काम झालं की मातीत घालायची. एवढी कच्ची वस्तू शाबूत निघाली, हे खणणाऱ्यांचं कसब.

दातपाडे

पेशाने दंतवैद्य, नावावरून ओळखलं असेलच. हा माझा आवडता विषय, कारण इनामगावची निम्मी गोष्ट दातांनी सांगितलेली आहे. तिथल्या सांगाड्यांवर जॉन ल्यूकॅच आणि सुभाष वाळिंबे यांनी मोठं काम केलं, पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी विशेषतः मुलांच्या हाडांवर.

मुलाचं वय कसं ठरवतात? दातांवरून. दुधाचे दात आईच्या पोटात असतानाच घडायला लागतात आणि कुठला दात कधी किती तयार होतो याचं वेळापत्रक बरंच पक्कं असतं. मुलाची उपासमार झाली तरी हे वेळापत्रक फारसं ढळत नाही. हाडांचं तसं नाही. खाणं कमी पडलं की मांडीचं हाड लांब व्हायचं थांबतं. आता एकाच सांगाड्यात दोन्ही बघा: दात म्हणतात मूल तीन वर्षांचं, मांडीचं हाड म्हणतं दोनाचं. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे त्या पोराने काढलेली उपासमार किंवा आजारपण. हाडाचा आडवा छेद घेऊन ते किती वजन पेलत होतं याचाही अंदाज काढतात, म्हणजे मूल नुसतं बुटकं होतं की खंगलेलंही, ते कळतं.

आणखी बारीक गोष्ट. जन्माच्या वेळी पोटातलं जग सुटून बाहेरचं सुरू होतं, त्या धक्क्याची एक रेघ दुधाच्या दातांच्या एनॅमलमध्ये उमटते. दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दिसते. ती असेल तर बाळ जन्मून काही दिवस तरी जगलं. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा ही रेघ पाहिली (इनामगावची नव्हे, अगदी आजच्या मुलाच्या पडलेल्या दाताची) आणि सर पुढे काय शिकवत होते ते मला आजही आठवत नाही.

शंकेखोर

हे भारी आहे. पण माझं एक साधं गणित बघा. वस्ती ९०० वर्षं, दफनं समजा २०० च्या वर. म्हणजे चार वर्षांत एक, किंवा फार तर थोडं जास्त. एवढ्या घरांच्या गावात चार वर्षांत एक मृत्यू? बाकीचे मेले ते कुठे गेले?

खापरखोद्या

इथे उभं राहून टाळ्या. हा प्रश्न पहिल्या पोस्टलाच पडायला हवा होता.

एक तर टेकाडं पूर्ण खणलेली नाहीत, कुठलीच वस्ती पूर्ण खणत नाहीत. पण ते जमेला धरूनही मोठ्या माणसांची दफनं फारच थोडी आहेत. म्हणजे बहुतेक प्रौढांना घरात पुरतच नसणार. नदीकाठी जाळलं असेल, सोडून दिलं असेल, त्याची खूण उरत नाही. मग काळी_पांढरी यांचा प्रश्न उलटा करून विचारा: ‘मोठ्यांचे पाय का तोडले’ याआधी ‘हे मोजके मोठे घरात का ठेवले’ हा प्रश्न आहे. कोणाला तरी घरात ठेवायचंय, पण त्याने उठून फिरायला नकोय. पाय तोडणं हा मला तरी त्यातला समझोता दिसतो. हे माझं मत, छापील नाही.

चुलीपाशी

समझोता शब्द आवडला. सासूबाईंचा फोटो आमच्याकडे हॉलमध्ये आहे, स्वयंपाकघरात नाही.

एक_वाचक

काकू 😂

भीमाकाठ

जाणकारांना विचारतो: ही वस्ती उठली का? आमच्याकडे म्हातारे सांगायचे ‘पूर आला नि गाव बुडालं’.

खापरखोद्या

पुराची दंतकथा प्रत्येक पांढरीला असते. इथे वाद दुष्काळाचा आहे.

इ.स.पू. १००० च्या सुमारास प्रवरा-गोदावरी खोऱ्यातली जोर्वे गावं, नेवासा, दायमाबाद वगैरे, ओस पडली. भीमा खोऱ्यात इनामगाव मात्र आणखी तीनेकशे वर्षं टिकलं. पण कसं टिकलं? आधीची घरं चौकोनी, प्रशस्त. जव, गहू, मसूर, वाटाणा, हुलगे. नदीचं पाणी वळवायला दगडमातीचा बांध आणि पाट. कुंभाराची भट्टी, सोनाराचं घर. उत्तर जोर्वेत लहान लहान गोल झोपड्या, धनगरांच्या पालासारख्या. गहू कमी, हरणाची शिकार जास्त. भांडीही ओबडधोबड. ढवळीकरांनी याचा अर्थ लावला: पाऊस कमी झाला, शेती हटली, माणसं अर्धभटकी झाली, आणि शेवटी गाव सोडलं.

भीमाकाठ

पटतंय. शिरूर-पारनेरचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला हे समजवावं लागत नाही. १९७२ ला आमच्या आज्यानेही गाव सोडलं होतं, जनावरं घेऊन.

दातपाडे

पटतंय म्हणूनच जपून. रॉबिन्स शुग यांचं म्हणणं असं की एवढ्या एका झटक्याच्या दुष्काळावर सगळा भार टाकता येत नाही. हा प्रदेश आधीपासूनच कोरडा होता आणि पूर्व जोर्वेचे लोकही त्याच कोरड्यात शेती करत होते. मुलांच्या हाडांत उत्तर जोर्वेत वाढ खुंटल्याचं दिसतं, पण त्याबरोबर जन्म खूप आणि बालमृत्यूही खूप, असं चित्र निघतं.

यात एक मेख आहे जी आम्हा वैद्यकीय लोकांनाही पटकन कळत नाही. स्मशानात मुलांचे सांगाडे जास्त दिसले म्हणजे मुलं जास्त मरत होती असंच नाही. मुळात जन्मच जास्त होत असतील तरी तेच दिसतं. दुसरं, दातावर उपासमारीची आडवी रेघ असेल तर ते मूल त्या संकटातून वाचलं आणि नंतर दात पुढे वाढला म्हणून ती रेघ दिसते. जे मूल त्या संकटात लगेच गेलं, त्याचा दात गुळगुळीत. म्हणजे ‘निरोगी’ दिसणारा सांगाडा कधी कधी सर्वात दुबळ्या मुलाचा असतो.

शंकेखोर

हे शेवटचं वाक्य मी ऑफिसात जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. टेबल शांत झालं.

डीएनए काढून एकदाचा निकाल का लावत नाहीत?

दातपाडे

आपलं उष्ण हवामान, त्यात दर पावसाळ्यात भिजणं-वाळणं. डीएनए त्यात तुकडे तुकडे होतो. हरियाणात राखीगढीला, सिंधू संस्कृतीच्या वस्तीत, साठेक नमुने तपासले, तेव्हा एका बाईचा उपयोगी डीएनए हाती लागला, २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आणि डीएनए ‘कोण’ ते सांगेल, पाय का तोडले ते नाही सांगणार.

नवी_सभासद

पहिलाच प्रतिसाद. विषय गंभीर आहे म्हणून विचारते, राग मानू नका. कोणाची तरी मुलं आहेत ती. आईबापांनी घराखाली ठेवली, आणि आपण काढून कपाटात ठेवली. हे बरोबर आहे का?

खापरखोद्या

राग कसला. उत्खननावर आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका लहान सांगाडा लागला की पदर डोक्यावर घ्यायच्या, कोणी न सांगता. एकीने खड्ड्याच्या कडेला चिमूटभर हळद टाकली होती. माझ्या मार्गदर्शकांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत, फक्त हळद हाडावर जाऊ नये एवढं बघितलं. बरोबर-चूक मला सांगता येत नाही. पण उकरलं नसतं तर जेसीबीने नेलंच असतं. पांढरीची माती धाब्याच्या घरांवर आणि शेतात टाकायला पिढ्यान्‌पिढ्या नेतात. माझ्या माहितीतलं एक टेकाड वीटभट्टीत गेलं, हाडांसकट. तिथली पोरं कुठल्या कपाटातही नाहीत.

चुलीपाशी

@नवी_सभासद, नेवाश्याचं वाचलं होतं मी. तिथल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांत अडकून दोऱ्याचे धागे टिकले. तांब्याच्या गंजाने टिकले म्हणे. रेशीम आणि कापूस. आता सांगा, हे काढलंच नसतं तर त्या आईने पोराला रेशमात ओवलेली माळ घातली होती, हे कोणाला कळलं असतं? मला कळलं म्हणून बरं वाटलं. कपाटाचं काय ते तुम्ही ठरवा.

खापरखोद्या

काकू अगदी बरोबर. तांब्याचे क्षार धाग्याला कुजू देत नाहीत. चांडोलीला, तीही घोड नदीवरच, असाच तांब्याच्या मण्यांत जवसाच्या तंतूंचा दोरा मिळाला होता.

काळी_पांढरी

धागा वर काढतोय. मूळ पोस्टमधला ‘राजा’ संपादन करायला गेलो तर मुदत संपलेली, तेव्हा तसंच वाचा, ‘प्रमुख’ समजून.

काल इनामगावला जाऊन आलो. भीमाकाठ यांनी व्यनितून (खासगी निरोपातून) रस्ता सांगितला, आभार. बघण्यासारखं फार नाही, खणलेले खड्डे केव्हाच बुजवलेत. सगळीकडे ऊस, मधे उंचवटा, खाली नदी. भाचा सोबत होता, तलवार नाही म्हणून रुसलेला. पण खापरं दिसायला लागल्यावर खूश झाला. लाल रंगाचं, काळ्या तिरप्या रेघांचं एक मिळालं, नखाने वाजवलं की धातूसारखं टणटण. दुसरं जाड, राखी, हाताने थापलेलं, त्याच्यावर चिकटवलेली मातीची पट्टी आणि पट्टीवर ओळीने बोटाचे दाब. भाच्याने प्रत्येक दाबात स्वतःचं बोट घालून बघितलं. दोन्ही होती तिथेच ठेवली, घाबरू नका.

तेवढ्यात मेंढरं घेऊन एक बाबा वर आले. आम्ही दोघं उकिडवे बसलेले बघून विचारलं, काय सापडलं? म्हटलं, खापर. ते म्हणाले, “ते लई हाय हितं,” आणि मेंढरं हाकत खाली पाण्याकडे गेले.